खाली बसवलेली चाकं

तीस हंगाम चन्नाप्पानं साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये वाफेचे पाईप जोडले, आणि त्याचा एकही जोड कधी फुसफुसला नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी न विचारता सांगायचा. पाईपाला पान्हा टेकवून, पान्ह्याला कान लावून आत पाणी साचलंय का ते ओळखणारा गडी. पण घरात काय साचलंय ते ह्याला पाच वर्षं ऐकू आलं नाही. आलंही असेल, पण कबूल कोण करणार?

झालं होतं असं. एकुलती एक पोरगी, शांभवी, २००२ साली मेकॅनिकलचा डिप्लोमा पास झाली, तोही फर्स्ट क्लासात. अर्ज कुठं केला, तर बापाच्याच कारखान्यात, शिकाऊ म्हणून. मुलाखतीच्या वेळी साहेबांनी चन्नाप्पालाही आत बोलावून घेतलं.

"काय मेस्त्री, पोरगी तुमची. घ्यायची का बॉयलरवर?"

नुसतं "घ्या की" म्हणायचं होतं. जीभ काय झिजणार होती? पण दाराबाहेर चार फिटर दात काढत उभे होते, आणि ह्या बहाद्दराला त्यांची लाज वाटली. म्हणाला, "न्हाय जमायचं साहेब. व्हॉल्व्ह सगळे वर हाईत. पोरीचा हात पोचत न्हाय तितं."

ह्याच पोरीनं लहानपणी रविवारचा डबा कारखान्यात आणावा, आणि ह्याच बापानं तिला खांद्यावर घेऊन थंड पाण्याच्या लाईनीचं चाक फिरवायला द्यावं! ती समोरच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. फाईल उचलली आणि गेली. आठवड्याभरात पुणं, तिथनं बडोदा. तिथं पाईपांचे नकाशे काढायचं काम मिळवलं तिनं, आणि पुन्हा कोल्हापूरच्या घराची पायरी चढली नाही.

फोन मात्र करायची, दर रविवारी सकाळी दहाला. रत्नव्वा, म्हणजे तिची आई, कानडीत अव्वा, धावत जाऊन उचलायची. मायलेकी अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बोलायच्या. चन्नाप्पा टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचा, म्हणजे रिसीव्हरमधून पोरीचा आवाज थोडा तरी कानावर पडावा. फोन ठेवता ठेवता शांभवी विचारायची, "बाकी सगळे बरे हाईत न्हवं?" रत्नव्वा नवऱ्याकडं बघून म्हणायची, "हाईत बरे." त्या 'बाकी सगळ्यां'त काय तो चन्नाप्पा. आठवड्याला तेवढाच वाटा त्याच्या पदरात पडायचा, आणि तेवढ्यावर तो पुढच्या रविवारपर्यंत तग धरायचा.

२००७ साली तो निवृत्त झाला. हाताला काम नाही, घरात करमत नाही. एक दिवस गल्लीच्या तोंडाशी नेट कॅफे चालवणाऱ्या सुष्मितानं त्याला हाक मारली. ती शांभवीची शाळेतली मैत्रीण.

"काका, शांभवी बघायची हाय का?"

त्याला वाटलं फोटो असेल. कसला फोटो! पडद्यावर आख्खं एक जग होतं. आभाळ, समुद्र, घरं, आणि हिंडणारी फिरणारी बाहुल्यांसारखी माणसं. ज्याची त्याची बाहुली, आणि तिच्यामागं कुठंतरी बसलेला जिताजागता माणूस. तिथं लोक जागा घेतात, बांधकाम करतात, एकमेकांशी लिहून बोलतात. शांभवीनंही जागा घेतली होती, आणि ऑफिस सुटल्यावर रोज संध्याकाळी ती तिथं काय बांधत होती? बॉयलर हाऊस! पिवळं हेल्मेट घातलेली, पाठीवर वेणी टाकलेली एक बाहुली अर्धवट पाईपांच्या मधोमध उभी होती. चन्नाप्पा खुर्चीवर टेकायचंच विसरला.

"तितं जाता येतंय?" त्यानं विचारलं.

"येतंय की. नाव काय घालू?"

"माझं नको," तो घाईघाईनं म्हणाला. "पावणं म्हणून घाल."

सुष्मितानं त्याला माउस धरायला शिकवलं. पाईपाचे तयार तुकडे एका पेटीत असायचे: सरळ तुकडा, कोपरासारखा वळलेला एल्बो, तीन तोंडांचा टी, जोडाची चकती म्हणजे फ्लँज, व्हॉल्व्हचं चाक. एक दुसऱ्याजवळ नेला की टक्कन चिकटायचा. वेल्डिंग नाही, गास्केट नाही, घाम नाही. "ह्याला काय काम म्हणायचं व्हय?" असं म्हणत तो उठला, आणि दुसऱ्या दिवशी शांभवी यायच्या पाच मिनिटं आधीच येऊन बसला.

शांभवीच्या बाहुलीनं विचारलं, "या पावणं. पाईप जोडता येतात का?"

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं होतं. नकाशे वाचून अक्षरं ठाऊक होती, त्यामुळं एका बोटानं शोधत शोधत त्यानं लिहिलं, "येतात थोडे." तीस हंगाम, आणि थोडे!

मग रोजचंच झालं. घरी सांगायचा, मठात जातो. रत्नव्वा म्हणायची, "आयुष्यात कधी मठाची पायरी चढला न्हाई, आन् आता रोज?" एकदा शांभवीनं लिहिलं, "पावणं, जोड लई सरळ असतोय तुमचा." त्या संध्याकाळी तो गालातल्या गालात हसत घरी आला. "परसाद गोड हुता वाटतं," रत्नव्वा म्हणाली.

असे तीन महिने गेले. रोज निघताना तो 'मी आप्पा' असं लिहायचा आणि पुसून टाकायचा. वाटायचं, कळलं आणि पोरीनं हेही दार लावून घेतलं तर? मग बघायला वेणीसुद्धा उरायची नाही. त्यापेक्षा पावणा म्हणून राहिलेलं बरं. पण जीव तुटायचा हो. पोरगी हातभर अंतरावर उभी, आणि 'जेवलीस का' म्हणून विचारायची चोरी.

एका बुधवारी तिनं सांगितलं, "पावणं, मला दुबईला साईटवर काम मिळालंय. खरे पाईप. दोन वर्षं. शुक्रवारी ही जागा सोडणार. सोडली की हे सगळं पुसलं जातंय."



शुक्रवारी दोघं शेवटची पाहणी करायला निघाले. पुढं पिवळं हेल्मेट, मागं पावणा. बॉयलरपासून सुरुवात करून एकेक लाईन बघत ती चालली होती. एका चाकापाशी थांबली.

"पावणं, एक विचारू? वाफेची लाईन वरनं जाते. तुम्ही दर व्हॉल्व्हला दोन-दोन एल्बो जास्तीचे घालून चाक खाली छातीपर्यंत आणलंय. सगळीच्या सगळी चाकं खाली. का? हितं हात लावायचा नसतोय, माउसनं लांबनंच फिरतंय की."

खरंच की! त्या जगात उंची काय आणि लांबी काय, सगळं सारखंच. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात तीन महिन्यांत एकदाही आली नव्हती. व्हॉल्व्ह हातात आला की चाक खाली घ्यायचं, एवढंच त्याला सुचत होतं. त्यानं एका बोटानं लिहिलं, आणि पुसायचं सोडून सवयीनं पाठवायचं बटण दाबलं.

"पोरीचा हात पोचला पाहिजे."

मग आपण काय लिहिलं ते त्यानं वाचलं, आणि पुसायला गेला; पण गेलेलं आता पुसलं जाईना. पडद्यावरची बाहुली हलेना. तो डोळे फाडून तिच्याकडं बघत राहिला. गेली, त्याला वाटलं. संपलं आता.

अक्षरं हळूहळू उमटली.

"पोचत नव्हता तेव्हा खांद्यावर घेतलं होतं की, आप्पा. मग साहेबांपुढं काय झालं होतं?"

चन्नाप्पाला अक्षरं दिसेनात. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, बटणं शोधली.

"चार माणसांना भ्यालो. चुकलं माझं."

उत्तर आलं.

"ही जागा आता सोडत नाही. चाकं खालीच राहू देत. परवा फोन करते. अव्वाला उचलू देऊ नका."

रविवारी आठपासूनच तो फोनजवळ खुर्ची ओढून बसला. टीव्ही लावलाच नाही. दहाला घंटा वाजली तशी रत्नव्वा सवयीनं चुलीपासून उठून धावत आली.

"बस खाली," चन्नाप्पा म्हणाला. "माझा हाय त्यो."