तुळईवरचा रंग

“दिसलं का काही?” आतून बायकोने विचारलं.

“कावळा,” पेंटर म्हणाला.

“कावळ्याची चौकशी कोणी केली?”

व्हरांड्याच्या पायरीवर तो मान वर करून उभा होता. हातातल्या चहावर साय धरली होती. समोर दुकानांची शटर वर जात होती. विजेच्या तारा रिकाम्या होत्या. तो आत आला, खुर्चीपर्यंत गेला, बसला नाही, पुन्हा बाहेर आला.

दर वसंतात त्यांच्या व्हरांड्याच्या तुळईवर भिंगरी पाखरांची जोडी यायची. थंडीभर कुठेतरी दूर राहायची आणि ऊन तापायला लागलं की नेमकी याच घरी उतरायची. चोचीतून ओल्या मातीचे गोळे आणून घरटं लिंपायची. बायको त्यांना ‘पाहुणे’ म्हणायची. खाली घाण पडते म्हणून पेंटर दरवर्षी कुरकुर करायचा आणि दरवर्षी स्वतःच खाली जुनं पोतं अंथरायचा.

यंदा बायको पलंगावर होती. हृदयाची झडप खराब झाली होती. न्हाणीघरापर्यंत जाऊन आली तरी भिंतीला टेकून उभी राहायची. लेकीने तिच्या शहरातल्या इस्पितळात सगळं ठरवून ठेवलं होतं. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पण बायकोचं एकच पालुपद होतं, “पाहुणे येऊ देत. मग म्हणाल तिथे येते.”

म्हणून पेंटरने तिचा पलंग खिडकीशी आणला. तिथून तुळई समोर दिसायची. आणि बाहेर कामं नव्हती त्या थंडीच्या दिवसांत त्याने सगळा व्हरांडा रंगवून काढला. त्याचा एक नियम होता, नवा रंग द्यायचा तर आधी जुनं मुळापासून खरवडायचं. त्यात जुनं घरटंही गेलं. “नवं बांधतील. त्यांना काय, दोन दिवसांचं काम,” तो म्हणाला होता. तुळईला त्याने ऑइल पेंटचे तीन हात मारले. पांढरी, काचेसारखी गुळगुळीत. गिऱ्हाइकाकडेही त्याने इतकं मन लावून कधी केलं नव्हतं.

दुपारी लेकीचा फोन आला. “बाबा, ती पाखरं यायची नसली तर?”

“येतात ती.”

“आणि उशिरा आली तर? तुम्ही तिला उचलून गाडीत बसवा सरळ.”

“तुझ्या आईला? आजवर कोणी बसवलंय?”

लेक हसली नाही. पेंटर फोन कानाला लावूनच बाहेर आला, आणि बोलायचं विसरला. तारेवर दोन भिंगऱ्या बसल्या होत्या. निळ्या-काळ्या पाठी, शेपटीला दोन लांब टोकं. एक सूर मारून व्हरांड्यात आली, तुळईजवळ फडफडली, परत गेली.

“आले,” आतून बायको म्हणाली. “किती वाळलेत.”

संध्याकाळपर्यंत जोडी मातीला लागली. नळाखालच्या चिखलातून गोळा उचलायचा, तुळईला लावायचा. गोळा क्षणभर राहायचा, मग घसरत खाली यायचा. टप्. पुन्हा दुसरा. टप्. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर मातीचे ठिपके पसरले होते आणि तुळईवर नुसते ओले ओघळ होते.

पेंटरने शिडी लावून तुळईवरून हात फिरवला. बोट कुठेच अडलं नाही. भिंतीला काही चिकटू नये यासाठीच तर लोक त्याला आयुष्यभर बोलावत आले होते.

“राहू द्या,” बायको खिडकीतून म्हणाली. “घरटं टिकेल तेव्हा टिकेल. टिकलं की बघू जायचं.”

“काल येऊ देत म्हणालीस. आज टिकू दे म्हणतेस. उद्या पिल्लांच्या बारशाला थांबशील.”

तिने तोंड फिरवलं.

त्याने लेकीला फोन केला. “बाबा, घाबरलीय ती,” लेक म्हणाली.

“न कळायला मी काय दगड आहे?” असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि पत्र्याची पट्टी आणि पॉलिश पेपर घेऊन शिडीवर चढला.

रंग सहजी सुटेना. त्याचंच काम होतं ते. तीनही हात निघून खालचं लाकूड उघडं पडेपर्यंत तो पट्टी ओढत राहिला. मग लाकडावर आडवे-उभे चरे पाडले. पांढरी पूड केसांत, भुवयांवर बसली. भिंगऱ्या तारेवरून कलकलाट करत होत्या. शेजारचा शिंपी दारात येऊन म्हणाला, “पेंटर, आता रंग काढायचीही कंत्राटं घेता काय?”

“तुझं शटर आणतोस का? त्याचाही काढून देतो.”

तो उतरला, शिडी बाजूला केली आणि भिंतीशी उभा राहिला. बऱ्याच वेळाने एक भिंगरी आली. गोळा लावला, चोचीने दाबला, गेली. पेंटर खाली फरशीकडे बघत राहिला. काही पडलं नाही. दुसरी आली, तिने त्याच्याच शेजारी लावला. तोही राहिला.

“माती चिकटली बघ,” खिडकीकडे वळत तो म्हणाला.

ती तुळईकडे बघत नव्हती. चादरीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

“दिसलं मला,” ती म्हणाली.

तो आत येऊन पलंगाच्या कडेला टेकला. इतके दिवस तो तिच्या मागे लागला होता.

“अगं, परवा गेलो तरी चालेल. घरटं होऊ दे पुरतं.”

“नको. शब्द दिलाय मी. पोरीला फोन करा.”

लेकीने ठरवलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर येणार होती. सकाळीच बायकोने स्वतःच्या हाताने वेणी घातली, मध्ये दोनदा थांबून. त्याने पुढे केलेला हात तिने बाजूला सारला. मग चपला घालून ती पलंगाच्या काठावर बसली, पाठ ताठ, पिशवी मांडीवर. त्याने घड्याळाकडे बघून सांगितलं, अजून पुष्कळ वेळ आहे, आडवी हो. ती तशीच बसून राहिली.