गालातला बदाम

पश्चिम किनाऱ्यावरच्या ट्यूबोरनहून कोपनहेगनला येताना एस्बेन गाडीत एका जागी बसला म्हणून नाही. आज मैत्रिणीला, रिक्केला, सांगायचंच होतं: मासेमारीची बोट सोडतो, तुझ्याकडे राहायला येतो. स्टेशनाबाहेर बर्फ भुरभुरत होता आणि सगळं शहर सायकलींवर ख्रिसमसची झाडं बांधून घंट्या वाजवत सुटलं होतं. रिक्केच्या सायकलीला पुढे सामानासाठी असलेल्या मोठ्या खोक्यात तो रात्रीच्या जेवणाचं बदक मांडीवर घेऊन बसला.

"घट्ट धर," ती ओरडली. "तू पडलास तर चालेल, बदक पडता कामा नये!"

त्या आनंदात सांगायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी रिक्केच्या घरी बदकाचा फडशा पडल्यावर तिच्या आजीने, गेर्दाने, तांदळाच्या थंडगार खिरीचं मोठं भांडं आणलं. त्यात अख्खा बदाम एकच. ज्याला मिळेल त्याने तो गालात दडवायचा आणि भांड्याचा तळ दिसेपर्यंत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. बाकीच्यांनी त्याच आशेवर पोट फुटेस्तोवर खायचं. बक्षीस म्हणजे बदामाच्या मिठाईचं एवढंसं डुक्कर, पण त्यापायी या घरात भावाभावांनी अबोला धरलेला.

दुसऱ्याच घासाला एस्बेनच्या दाताखाली बदाम आला. त्याने तो झटकन गालात सारला. या घरातला पहिलाच नाताळ आणि पहिल्याच फटक्यात बदाम! त्याची छाती धडधडायला लागली.

तेवढ्यात रिक्केने चमचा खाली ठेवला. तिचे कान लाल झाले होते.

"एस्बेन, सगळ्यांसमोरच विचारते. हे दर महिन्याचं येणं-जाणं मला पुरे झालं. येतोस इथे राहायला?"

एस्बेनच्या मनात होकार नुसता उड्या मारत होता. पण तोंड उघडलं की आवाजावरून बदाम कळणार! साधी मान हलवावी, तर तेही या शहाण्याला सुचलं नाही. त्याने हाताने 'थांब' अशी खूण केली, भांडं पुढ्यात ओढलं आणि उरलेली खीर बकाबका खायला लागला. भांडं संपलं की बोलायला मोकळा!

"वा जावईबापू," रिक्केचा प्रेबेनमामा म्हणाला, "प्रश्न टाळावा तर असा!"

"मेल्या, मला ठेव की जरा!" आजी ओरडली.

रिक्के हसली नाही. "कळलं मला," ती हळूच म्हणाली आणि उठून दाराकडे निघाली.

भांड्यात खीर अजून होती. गेली खड्ड्यात! एस्बेनने बदाम तळहातावर थुंकला आणि खुर्ची पाडून धावला.

"येतो! अगं, मीच सांगणार होतो! बोट सोडतोय मी!"

रिक्के वळली. तिने त्याच्या दाढीला लागलेली खीर पाहिली, मग हातातला बदाम.

"एवढ्याशा बदामापायी माझा जीव टांगणीला लावलास?"

"जन्मात पहिल्यांदा मिळाला गं."

ती हसत सुटली, डोळे पुसत पुसत हसत सुटली. मागे मामा टेबलावर मूठ आपटत होता, "भांडं संपलेलं नाही! डाव रद्द!" आणि आजी त्याला गप्प करत होती.

"पुन्हा म्हण," रिक्के म्हणाली. "मामाच्या आरडाओरड्यात मला नीट ऐकूच आलं नाही."

एस्बेनने पुन्हा सांगितलं, इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरच्यांनी झाडूने छत ठोकलं.