पिवळ्या भाताचा शेंडा

मालकीणबाई बू लास्त्रींनी नव्या सर्व्हरचं काम गालिहला दिलं आणि वेनिंगच्या अंगाचा तिळपापड झाला.

इंडोनेशियातल्या योग्याकार्तामधल्या त्या बाटिकच्या दुकानाची पहिली वेबसाइट वेनिंगने उभी केली होती. त्या दिवशी तुंपेंगचं मानाचं जेवण झालं, तेव्हा पिवळ्या भाताच्या डोंगराचा शेंडा कापून मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर तिच्या ताटात ठेवला होता. शेंडा ज्याच्या ताटात, मान त्याचा. आता धंदा वाढला, क्लाउडवर मोठं लिनक्स यंत्र भाड्याने घेतलं, आणि ते लावायला हा काल आलेला पोरगा! दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड, आणि दर तासाला "बू, चहा आणू का?" म्हणून विचारणारा. वेनिंगला इतक्या वर्षांत चहाचं कधी सुचलं नव्हतं.

त्या यंत्राची किल्ली तिच्याकडेही होती. गालिह काय दिवे लावतोय ते बघावं म्हणून ती सकाळीच आपल्या संगणकावरून गुपचूप आत शिरून बसली. त्याने यंत्र अद्ययावत केलं, वेब सर्व्हर बसवला, पानं जागच्या जागी ठेवली. नाव ठेवायला जागा सापडेना. त्याचाच तिला जास्त राग आला.

मग तो फायरवॉलकडे वळला. यंत्राभोवती ही भिंत उभी करण्याआधी तिच्यात दारं ठेवावी लागतात, गिऱ्हाइकांना एक आणि काम करणाऱ्याला आत शिरायला एक. गालिहने गिऱ्हाइकांचं दार ठेवलं. स्वतःचं विसरला.

शेजारच्या टेबलावरून वेनिंगला ते स्वच्छ दिसलं.

"मबाक वेनिंग, करू ना चालू?" थोरल्या ताईला विचारावं तसं त्याने मान वळवून विचारलं.

"तुझं काम, तुला ठाऊक."

त्याने एंटर मारलं. फोनवर वेबसाइट झरकन उघडली, दुकानात टाळ्या वाजल्या, आणि गालिह लॅपटॉप मिटून तुंपेंगच्या जेवणासाठी हात धुवायला गेला. झालं! ही भिंत आत असलेल्याला हाकलत नाही, पण बाहेर पडलेल्याला परत घेत नाही. आता आत एकटी वेनिंग होती. तिने आपली खिडकी बंद केली की संपलं. दुपारी नव्या सारोंग लुंग्यांचे फोटो चढवायला बसला की फजिती बघावी त्याची! तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तुंपेंग आला. बू लास्त्रींनी शेंडा कापला आणि गालिहच्या ताटात ठेवला. वेनिंग आपल्या ताटातल्या सोयाबीनच्या टेंपेच्या तुकड्याकडे बघत राहिली. तेवढ्यात ताट घेऊन गालिहच तिच्यासमोर उभा.

"मबाक, हा तुमचा. त्या भिंतीचं मला नीटसं ठाऊक नव्हतं हो. पण म्हटलं, चुकलो असतो तर तुम्ही थांबवलंच असतं. म्हणून बिनधास्त एंटर मारलं."

"बघा, किती मोठ्या मनाचा पोरगा!" बू लास्त्री म्हणाल्या.

वेनिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताट घेऊन ती आपल्या टेबलाशी गेली आणि हळदीच्या बोटांनी एक ओळ टाइप केली. दार उघडलं. कुणाचं लक्षही नव्हतं.

दुपारी गालिह पहिल्या फटक्यात आत शिरला आणि फोटो झरझर चढले.

"एकदासुद्धा अडलं नाही!" बू लास्त्री खूश झाल्या. "वेनिंग, तुझ्या वेळी दोन दिवस वेबसाइट बंद पडली होती, आठवतं ना?"

"आठवतं, बू."

एक वाक्य बोलली असती तर गालिहचं पितळ उघडं पडलं असतं. पण मग सकाळचं तिचं गप्प बसणंही सांगावं लागलं असतं. गालिह चहा विचारायला उठला. वेनिंगने गार झालेला शेंडा तोंडात कोंबला आणि चावत बसली.