चाळीस मिनिटे स्वस्थ बसून

“पेशी तर झकास वाढतायत, बाई. मग हार्मोन कुठं जातंय?”

सर बाटल्या धुण्याच्या खोलीच्या दारात उभे होते. चार महिन्यांत पहिल्यांदाच. बुटांना पाणी लागेल म्हणून आत मात्र आले नव्हते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असे बाईंच्या मनात आले, आणि या म्हणीत आपल्या वाट्याला गाढवच येते हे ध्यानात येऊन त्यांना हसू फुटले.

“हसताय काय? तीन महिने रीडिंग शून्य.”

“मला कशाला विचारता, सर? मी बाटल्या धुते.”

बाटल्या धुण्याआधी बाईंनी याच प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे पेशी वाढवल्या होत्या. मेंढीच्या मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. खाटीकखान्यातून ती बर्फात घालून यायची. बाई ती बारीक चिरायच्या, पेशी सुट्या करायच्या आणि बाटलीत गुलाबी द्रावणात उबेला ठेवायच्या. नीट पोसल्या तर शरीराबाहेरही त्या वाढीचे हार्मोन करत राहतात. त्या हार्मोनवर सरांचे तेरा लेख छापून आले, परदेशवाऱ्या झाल्या, जगात नाव झाले. बाईंचेही नाव झाले, ‘स्टूलबाई’.

कारण पेशी बाटलीत घातल्या की बाई स्टुलावर हाताची घडी घालून चाळीस मिनिटे नुसत्या बसत. येणारा-जाणारा बघायचा. शेवटी गोपनीय अहवालात शेरा आला, ‘कामाच्या वेळेत स्वस्थ बसून राहतात’, आणि त्यांची रवानगी बाटल्यांकडे झाली. त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या. हुशार, कामसू, बोलायला गोड. नाव ठेवावे असे त्यांच्यात काहीच नव्हते आणि बाईंना तेच जास्त झोंबायचे. छापील पद्धतीत चाळीस मिनिटे नव्हती, म्हणून मॅडम बसत नसत.

“उद्या सांगते,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता नवरा म्हणाला, “आधी लेखावर नाव घालायला लाव, मगच तोंड उघड. नुसते आभार नकोत.”

“आभार तरी कधी मानलेत?”

“मग? एकोणीस वर्षं तू पोसलंयस त्यांना.”

“पेशींना पोसलं.”

“मी सरांचंच म्हणतोय.”

सकाळी बाईंनी सरांपुढे उभे राहून सांगितले. लेखावर नाव हवे.

“बघू ना, बाई. आपण काय परके आहोत?”

परके नाही म्हटले की काही द्यायचे नसते, एवढे बाईंना एकोणीस वर्षांत कळले होते. त्या तोंडाला कुलूप लावून निघाल्या. वाटेत पेशी वाढवण्याच्या कल्चर-रूमच्या दारात मॅडमनी हात धरला. “काही सांगू नका, बाई. एकदा नुसतं बघा तरी.”

त्या रडवेल्या झाल्या होत्या. बाईंनी दारातल्या रजिस्टरात सही केली, आत गेल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाटली काठोकाठ भरली होती. लांबट, चपट्या, माजलेल्या पेशी. ज्यांच्यासाठी जीव पाखडायचा त्या गोल पेशी औषधालाही नव्हत्या. बाईंचे मस्तक फिरले.

“हे काय पोसलंत? खायला काळ अन् भुईला भार! हे फुकटे बाटलीत पडले की अर्ध्या तासात बूड टेकतात. हार्मोन करणाऱ्या भिडस्त असतात, त्या तरंगतच राहतात. चाळीस मिनिटं थांबायचं. न चिकटलेल्या अलगद दुसऱ्या बाटलीत ओतायच्या. पहिली बाटली फेकून द्यायची.”

“हे कुठं लिहिलंय?”

“सरांना सांगितलं होतं, सोळा वर्षांपूर्वी. म्हणाले, बसण्यात काय लिहायचंय!”

बोलून झाल्यावर बाईंना कळले की आपण सगळे सांगून बसलो. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पण मेज समोर होते, ताजी ग्रंथी आली होती. त्यांनी हातमोजे चढवले आणि एकदा करूनही दाखवले.

अकराव्या दिवशी हार्मोन आले. सरांनी सगळ्यांना चहा दिला. बाटल्या धुण्याच्या खोलीत तो पोचला नाही.

महिन्याने मॅडम कागद घेऊन आल्या. त्या बुटांसकट पाण्यातून आत आल्या, पण बाईंकडे बघत नव्हत्या.

“प्रयोगशाळेची तपासणी आहे, बाई. त्या दिवशी तुम्ही आत आलात, त्याची रजिस्टरला नोंद आहे. प्रशिक्षण झाल्याशिवाय कुणाला आत घेता येत नाही. नियम आहे. तुमचं नाव घालू या, असं मी सरांना म्हटलं होतं, पण...”

बाईंनी कागद वाचला. ‘विलंबित स्थिरीकरण पद्धती’, म्हणजे तीच चाळीस मिनिटे. विकसित करणारे, सर आणि मॅडम. खाली दोन रकाने होते. ‘प्रशिक्षण देणार’ खाली मॅडमची सही होऊन गेली होती. ‘प्रशिक्षण घेणार’ रिकामा होता.

“सही नाही केली तर?”

“माझी नोकरी जाईल. तुमचीही.” मॅडमनी पेन पुढे केले. “तुम्हाला राग आला असेल ना?”

“आलाय,” बाई म्हणाल्या. “चांगलाच आलाय.”

त्यांनी हात कोरडे केले आणि रकान्यात आपले नाव लिहिले. स्वतःचे, नवऱ्याचे, आडनाव, पूर्ण. विभागाच्या संशोधनाच्या कागदावर ते पहिल्यांदाच येत होते.

“तारीख राहिली, बाई.”

“आजची?”

“नाही. तुम्ही आत आलात, त्याच्या आदल्या दिवसाची.”

बाईंनी बोटांवर दिवस मोजले आणि ती घातली.