म्हाताऱ्यासाठी पाव किलो

मित्रांनो, मी खिमा काढायची जुनी मशीन आहे. हे ऐकून कुणी नाक मुरडलं असेल तर खुशाल मुरडा. मी आयुष्यभर मांस पाहिलं आणि माणसं पाहिली. मांस मला कळलं. माणसांचं काय सांगू!

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतशाळेत झाला. बिडाचं अंग, वर कथलाची कल्हई. वर नरसाळ्यासारखं तोंड, पोटात मळसूत्र, पुढं चार पात्यांची सुरी, सुरीपुढं भोकांची जाळी आणि मागं एक दांडा. दांडा फिरवला की तुकडा पुढं सरकतो, चिरडला जातो आणि शेवयांसारखा जाळीतून बाहेर पडतो. माझी विद्या एवढीच.

सिल्लोडकडून आलेल्या सांडूनं मला विकत घेतलं, तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या गोष्टी म्हातारी माणसं दुकानाच्या फळीवर बसून अजून सांगत. सांडूचं मुकुंदवाडीच्या रस्त्यावर मटणाचं दुकान होतं. अक्षरशत्रू माणूस, पण हात स्वच्छ. दुपारी माल संपला की तो मला सुटी करायचा. उकळत्या पाण्यानं धुवायचा आणि मग माझ्या तोंडात ज्वारीची शिळी भाकरी घालून दांडा फिरवायचा. आत अडकलेला कण न् कण भाकरीबरोबर बाहेर यायचा. जाळीतून भाकरी पांढरीशुभ्र पडायला लागली की मगच त्याचा हात थांबायचा. आधी नाही. कधी कधी चार भाकरी जायच्या. बायको ओरडायची, "माणसांच्या तोंडातली भाकर मशीनला चारता व्हय?" सांडू म्हणायचा, "हिच्या पोटात राह्यलेलं उद्या दुसऱ्याच्या पोटात जातं. गप बस."

लग्नाकार्याचे आचारी माझं नाव काढत. सांडूचा खिमा दाताखाली कचकत नाही, असं म्हणत. मला त्याचा गर्व होता. का नसावा?

मग सांडू म्हातारा झाला. तोंडात एक दात राहिला नाही. त्याचा मुलगा कडूबा गल्ल्यावर बसू लागला. मांडीचं मटण तो पडदे सोलून साफ करायचा, त्यात काळजाचा एक तुकडा टाकायचा, माझ्यातून दोनदा काढायचा आणि बापाला स्वतःच्या हातानं भरवायचा. हे मी पाहिलं आहे, म्हणून सांगते. कडूबा जन्मतः वाईट माणूस नव्हता. जन्मतः कोण असतं?

सांडू गेला आणि वर्षभरात दुकानात मोठा फ्रीजर आला. फ्रीजर आल्यापासून 'कालचं' आणि 'परवाचं' हे शब्दच दुकानातून गेले. सगळं 'ताजं' झालं. भाकरी बंद झाली. उकळतं पाणी बंद झालं. दिवसातून एकदा माझ्या तोंडात मगभर पाणी ओतायचं आणि वरून फडकं मारायचं, एवढीच माझी अंघोळ. कल्हई उडाली. मळसूत्राच्या खाचांत काळा थर साचायला लागला. वरून मी चकचकीत दिसायचे. आतून मला माझाच वास सहन होत नव्हता.

अशा दिवसांत म्हाळसाबाई आली.

पाचोडकडची. मेंढरं राखणाऱ्या घरातली. अर्धं आयुष्य तिनं कळपामागं चालून काढलं. मेंढरं गेली, तेव्हा नवरा केरबा शेंद्र्याला एका कारखान्यात वॉचमन लागला आणि दोघं मुकुंदवाडीच्या मागं पत्र्याच्या खोलीत राहू लागली. केरबा वारला, तेव्हापासून ती एका खानावळीत भांडी घासायची. हे सगळं तिनं कडूबाशी बोलता बोलता सांगितलं. मी फळीवर बसवलेली, मला ऐकण्यावाचून काय काम?

पहिल्या दिवशी ती आली आणि तिनं मटणाला बोट लावलं. दाबलं. मांस परत वर आलं का ते पाहिलं. चरबी बोटांत चोळून हुंगली.

"बोकड दोन वर्साचं हाय," ती म्हणाली. "सकाळीच पडलंय. बरंय."

कडूबा चाट पडला. "मावशी, तुमी तर माझ्या बापावर ताण केली! काय देऊ?"

"मांडीचं दे पाव किलो. पडदा काढ, चरबी नको. काळजाचा एवढुसा तुकडा घाल. आन् बारीक काढ बाबा, दोन डाव. म्हाताऱ्याला एक दात नाय."

कडूबाचा हात थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग सुरी घेतली आणि मांडीचा सगळ्यात कोवळा भाग कापला.

मित्रांनो, आता खरं सांगते, मलाही ते पुढं तिच्या खानावळीतल्या बाईच्या बोलण्यातून कळलं. 'म्हातारा' हे तिच्या बोक्याचं नाव होतं. केरबानं कारखान्याच्या गेटवरून ते पिल्लू डब्याच्या पिशवीत घालून आणलं होतं. पिल्लू असतानाच त्याचं तोंड मिशाळ, सुरकुतलेलं. केरबा म्हणाला, हा तर म्हाताराच आहे, आणि तेच नाव पडलं. पुढं बोक्याच्या हिरड्या सडल्या. जनावरांच्या दवाखान्यात सगळे दात काढावे लागले. डॉक्टरांनी सांगितलं, ताजं मांस आणा, थोडं काळीज घाला, बारीक करून नुसत्या पाण्यात शिजवा, कांदा-मीठ अजिबात नको, शिळं तर मुळीच नको.

ती याआधी तीन दुकानं फिरली होती. तिन्हीकडं खरं बोलली होती. "मांजरासाठी पायजे." हा शब्द तोंडातून निघाला की दुकानदाराचा हात काट्याकडं न जाता फळीखालच्या बादलीत जातो. त्या बादलीत छिछडे असतात, म्हणजे पडदे, शिरा, फुप्पुसाचे तुकडे, कालची काळी पडलेली चरबी. पैसे देऊन मटण मागणाऱ्या बाईलाही तेच. मांजरासाठी ना? मग हे ने.

आमच्याकडं तिच्या तोंडून सवयीनं 'म्हातारा' आलं. घरात म्हातारा सासरा असेल, असा कडूबानं आपला अर्थ लावला आणि तिनं तो दुरुस्त केला नाही. खोटं ती बोलली नाही. खरंही सांगितलं नाही.

आठ महिने हे चाललं. दर बुधवारी आणि रविवारी ती स्टीलचा डबा घेऊन यायची. कडूबा विचारायचा, "काय म्हणतो म्हातारा?"

"बरा हाय. काल वाटीभर खाल्लं."

"मीठ घालता का?"

"नाय बाबा. डाक्टरनं मीठ, कांदा समदं बंद केलंय."

"माझ्या बापाला पण बंद होतं," कडूबा म्हणायचा आणि काळजाचा तुकडा जरा मोठा कापायचा. तिच्या मटणाच्या वेळी तो मला आधी नीट धुवायचा. भाकरी नाही, पण दोन मग जास्त पाणी. आठवड्यातून दोनदा मला बापाच्या काळातलं वाटायचं.

मग आखाडाचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून सगळं गाव मटणावर तुटून पडलेलं. दुकानासमोर रांग. रांगेत नानासाहेब उभे होते, प्लॉटिंगवाले, गळ्यात जाडजूड चेन, आवाज माइकशिवाय चार गल्ल्यांत जाणारा. म्हाळसाबाईचा नंबर आला. कडूबानं घाम पुसत विचारलं, "काय मावशी, म्हातारा कसाय?"

बाई त्या दिवशी खुशीत होती. म्हणाली, "लई तरतरीत झालाय बघ! सकाळी पत्र्यावर चढला."

रांगेतली डोकी वळली.

"पत्र्यावर?" कडूबा म्हणाला.

"व्हय की. शेजारणीचं कबुतर धरायला."

नानासाहेबांना जे हसू फुटलं ते थांबेना. "अरं कडूबा, बोका हाय तो, बोका! आन् तू त्याला मांडी चारतोस? आता एक काम कर, त्याला टोपी-उपरण्याचा आहेर कर!" रांग खो खो हसली. कुणी मागून म्याँव केलं. "कडूबा, आमाला छिछडे आन् बोक्याला काळीज व्हय रे?"

म्हाळसाबाईनं पदर तोंडाला लावला. कडूबाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तो हळू बोलला, पण मला ऐकू आलं. "बापाच्या आठवणीनं देत होतो मी तुला. माझ्या बापाच्या आठवणीनं."

"चुकलं बाबा," ती म्हणाली. "पैसं तर मी पुरं देते..."

"पुढं कोणंय?" कडूबा ओरडला.

श्रावण लागला. आमच्या भागात श्रावणात बहुतेक घरांत मटण बंद असतं. कडूबानं बोकड कापणं थांबवलं. आखाडाचं उरलेलं फ्रीजरमध्ये पडून राहिलं. त्यातच लाइट जायची, तासन् तास यायची नाही. दमट हवेत फ्रीजरमधून लालसर पाणी ठिबकायचं. लाइट आली की सगळं परत गोठायचं. मी मात्र फ्रीजरबाहेर, फळीवर, आतून कुजत होते. आखाडाच्या दिवसाचं मांस माझ्या मळसूत्रात तसंच होतं. त्या दिवसापासून मला कुणी पाणीसुद्धा दाखवलं नव्हतं.

बुधवारी ती आली. आजूबाजूची दुकानं बंद होती. दुसरीकडं जाणार कुठं? नजर वर न करता तिनं डबा फळीवर ठेवला.

"काढून ठिवलंय मावशी तुमचं," कडूबा म्हणाला. खिमा आधीच पिशवीत बांधलेला होता. भाव तोच, मांडीचा.

मित्रांनो, त्या पिशवीत काय होतं ते मला माहीत आहे, कारण ते माझ्यातूनच गेलं होतं. बादलीतले छिछडे, फ्रीजरच्या तळाचं हिरवट मांस, आणि वरून माझ्या पोटातला जुना थर. अखंड तुकडा असता तर या बाईनं बोट लावताक्षणी सांगितलं असतं, किती दिवसांचं आहे. पण खिम्याला बोट कुठं लावणार? शेळी, बोकड, कालचं, सडकं, सगळं जाळीतून सारखंच बाहेर येतं. ओळख पुसायचं काम माझं आहे आणि मी ते चोख करते.

ती पिशवीकडं बघत उभी राहिली. तिचं नाक एकदा हललं. मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, हे काय घातलंस? पण आखाडाच्या दिवशीचं ते हसणं तिच्या कानात अजून होतं. तिनं पिशवी डब्यात टाकली आणि निघून गेली.

रविवारी ती परत आली. तेव्हाही तसंच.

त्यानंतरच्या बुधवारी ती आली ती रिकाम्या हातानं. डबा नव्हता.

"गेला," ती म्हणाली. "दोन दिस नुसता वकत होता. दवाखान्यात नेला तर डाक्टर म्हनले, काय चारलं? मी म्हनलं, मटण. ताजं."

कडूबा फडकं घेऊन फळी पुसायला लागला.

"उघड ही मशीन."

"कशाला मावशी..."

"उघड म्हनते ना!"

तो हलला नाही. मग तिनंच माझ्या तोंडापुढची चकती दोन्ही हातांनी धरली आणि पिळली. भांडी घासून घट्टे पडलेले हात ते. चकती सुटली. जाळी निघाली, सुरी निघाली, तिनं मळसूत्र ओढून बाहेर काढलं. खाचांत डांबरासारखा चिकट थर. त्यात पांढरं काहीतरी वळवळत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं ते नाकाजवळ नेलं.

"वास आला होता मला," ती म्हणाली. ती कडूबाशी बोलत नव्हती. "डबा उघडला तवाच आला होता. मी दोन डाव उकळलं. म्हनलं, जाऊ दे, कुठं परत तोंड दाखवायचं, लोक हसत्यात. माझ्या हातानं भरवलं मी. तो खाईना, तर बोटानं भरवलं."

कडूबा खाली बघत म्हणाला, "मावशी, मांजरच होतं ना. दुसरं देतो आणून. या गल्लीत पन्नास हायती."

तिनं मळसूत्र फळीवर ठेवलं. आदळलं नाही. पदराला हात पुसले आणि गेली. त्यानंतर ती या रस्त्यानं गेलेली मी पाहिली नाही. खानावळीतली बाई एकदा सांगत होती की म्हाळसाबाई आता कामावर येत नाही, खोलीला कुलूप आहे. कुठं गेली कुणाला ठाऊक नाही, आणि कुणी विचारायलाही गेलं नाही.

मी तुम्हाला गोड शेवट सांगणार नाही. कडूबा बदलला, त्यानं बापासारखी मला धुतली, असं काही झालं नाही. तिची पाठ वळल्यावर तो बराच वेळ माझ्या सुट्या भागांकडं बघत बसला, हे खरं. मला वाटलं, आता हा पाणी तापवायला ठेवतो. एवढ्यात एक गाडी थांबली. काच खाली झाली. "दादा, कुत्र्यासाठी अर्धा किलो खिमा द्या."

कडूबानं मळसूत्र तसंच आत सारलं. चकती आवळली. हात फळीखालच्या बादलीत घातला आणि माझं तोंड भरलं.

मित्रांनो, ज्या जिवाला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही, त्याच्यासाठी काही आणाल तेव्हा ते डोळ्यांदेखत कापून घ्या. मशीन उघडून दाखव म्हणा. नाकाला शंका आली तर तिथंच, भर रांगेत विचारा. लोक हसतील. हसू द्या. हसण्यानं कुणी मरत नाही, गप्प बसण्यानं मरतं. आणि तुम्ही दुकानात बसलात, तर समोरच्याचं पोट दोन पायांचं आहे की चार पायांचं, हे बघून मांस निवडू नका.

कडूबानं दांडा धरला. मी फिरले. मला नाही म्हणता येत नाही, मी लोखंड आहे. तुम्हाला दांडा नाही.