खोकल्याचा गूळ

आमची नंदा ‘आई’ म्हणायच्या आधी खोकायला शिकली. तेही आजारानं नव्हे, हुशारीनं. दोनदा ‘खुक् खुक्’ करायचं आणि इवलासा तळहात पुढं धरायचा. त्यावर गुळाचा खडा पडेपर्यंत बाई जागची हलायची नाही.

शिकवणारे तिचे बाबाच. हे घरी, पुढच्या सोप्यात बसून विणकरांसाठी धोटे करतात. सूत घेऊन मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडं धावतो, तो लाकडी धोटा. त्यावर कुसळाएवढा खरखरीतपणा राहिला तरी धागा तुटतो. म्हणून हे काचपेपरनं घासत बसायचे, मधेच जोरात फुंकर मारायचे आणि मग डोळे मिटून धोटा गालावरून फिरवायचे. गालाला पसंत पडला की धोटा पास. फुंकरीसरशी शिसवीचा काळपट भुसा ढगासारखा वर उठायचा आणि पुढचा श्वास हे त्याच ढगात घ्यायचे. संध्याकाळी खोकत आत आले की सासूबाई हातावर गूळ ठेवायच्या.

“खा. गुळानं भुसा खाली जातुय. तुजा बा जल्मभर गिरणीत असाच गूळ खात व्हता.”

मामंजी गूळही खात आणि खोकतही, हे मी सून असल्यामुळं मनातल्या मनात म्हणाले. यांना मात्र स्पष्ट विचारलं, “अहो, गूळ जातो पोटात, भुसा जातो छातीत. दोघांची गाठ पडायची कुठं?”

“आत गेल्यावर सगळं एकच गं,” हे म्हणाले आणि खोकले.

“नाकाला फडकं तरी बांधा.”

“मग धोटा काय कपाळावर तपासू? फडकं बांधलं की गाल झाकतो. आन् दारात आलेलं गिऱ्हाईक म्हणंल, हितं दरोडेखोर ऱ्हातो.”

“तुजं आपलं कायतरीच,” सासूबाई मला म्हणाल्या. “गुळाला जागणारी छाती हाय आमच्या घरची.”

दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं, गुळाची ढेप मी जपून वापरत होते. पण बाप खोकायचा, त्याला खडा. लेक खोकायची, तिला खडा. हे तर मुद्दाम तिला सोप्यात मांडीशी बसवून घ्यायचे. नरसय्या विणकर धोटे न्यायला आला की तिला म्हणायचा, “खोक गं पोरी!” ती खोकायची, सगळे हसायचे. मीही हसायचे. हसता हसता तिच्या केसांतला भुसा झटकायचे, आणि हात तिथंच थबकायचा. एवढा केसांत, तर नाकात किती?

एका संध्याकाळी नंदा खोकली. सवयीनं सासूबाई हसल्या, “आली बगा गुळाची वसुली!” यांनी खडा पुढं केला. नंदानं तोंड फिरवलं.

पुन्हा खोकली. हात पुढं आलाच नाही. उलट माझ्या खांद्यात डोकं खुपसून ती दमल्यासारखी पडून राहिली.

यांनी तिला माझ्याकडून घेतलं आणि तिच्या छातीला कान लावला. किती तरी वेळ लावून ठेवला. मग हळूच म्हणाले, “काचपेपर घासल्यागत वाजतंय.”

तो आवाज यांच्याइतका ओळखीचा दुसऱ्या कुणाला असणार?

सकाळी डॉक्टरांनी औषध दिलं आणि पोरीला भुशात बसवू नका म्हणून बजावलं. घरी येऊन यांनी सगळी हत्यारं उचलून परसात कडुलिंबाखाली नेली. सोपा ओल्या फडक्यानं पुसून काढला. झाडू लावला नाही, उडेल म्हणून. मग माझ्यासमोर उभे राहिले, शाळेत छडी खायला उभं राहावं तसे.

“कुठंय तुजं ते फडकं?”

मी नंदाचं जुनं दुपटं काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, पिवळ्या फुलाफुलांचं. घट्ट घडी घातली, नाड्या शिवल्या आणि नाकातोंडावरून बांधलं. डोळे तेवढे उरले, तेही रुसलेले.

“दरोडेखोर न्हाई,” सासूबाईंनी निरखून पाहिलं, “बारशातलं बाळ दिसतुयास.”

“आन् गालाचं काय?” दुपट्यातून घोगरा आवाज आला.

दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक हात आत आला. हातात ओल्या फडक्यानं पुसलेला नवा धोटा. मी भाकरी थापत होते, हात पिठात. काही कळायच्या आत धोटा माझ्या गालावरून थंडगार फिरला.

“बोल. लागतंय कुठं?”

“अहो, सासूबाई बसल्यात की!”

“धोट्याचं विचारलं मी.”

“टोकाला... जरासं खरखरतंय,” मी म्हणाले. गाल तापला होता, तो चुलीमुळं असं समजून घ्यावं. सासूबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं, पण खांदे हलत होते.

तेव्हापासून धोटे माझ्या गालावर पास होतात. नरसय्या म्हणतो, हल्ली धागा कमी तुटतो. हे म्हणतात, काचपेपर बदलला.

नंदा आठवड्यात बरी झाली आणि तिनं पहिला हल्ला दुपट्यावर केला. “माजं!” म्हणून बाबांच्या नाकावरून ओढू लागली. शेवटी उरलेल्या तुकड्याची तिलाही एक पट्टी बांधून दिली. लगेच खोकली, हात पुढं केला, खडा मिळाला. तोंडाकडं नेला तर मधे फडकं! तिनं तीनदा गूळ फडक्यावर चेपला आणि मग बापाकडं असं बघितलं, की फसवणूक झाली ती झाली, पण ही असली?

त्याच संध्याकाळी यांनी आपलं दुपटं सोडलं आणि सासूबाईंच्या मांडीवर उलगडून ठेवलं. बाहेरची फुलं काळपट भुशानं बुजून गेली होती. आतली पिवळीच्या पिवळी.

“आई, हे सगळं गुळानं खाली गेलं असतं का गं?”

त्यांनी बोटानं भुसा चाचपला. भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोकडं एकदा बघितलं. “त्यांना कुनी बांदलं न्हाई रे दुपटं,” एवढंच म्हणाल्या, आणि घडी पुन्हा नीट घालून माझ्याकडं दिली, धुवायला.

यांचा खोकला अजून पुरता गेलेला नाही, पण कमी झालाय. रात्री उठून बसत नाहीत. गूळ मी बंद केला, ढेप फडताळात वर ठेवली.

काल पाणी भरत होते, तर मागून आवाज आला, ‘खुक् खुक्.’ वळून बघते तो नंदा झोपलेली, हे परसात. सासूबाई फडताळाकडं तोंड करून उभ्या होत्या, हात पुढं धरून.