स्टिकरखालचा पेंग्विन

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते, आणि शेवटच्या ओळीत सगळ्यांना माफ करून मोकळी होते. माझा तसा बेत नाही.

माझा जन्म १९९९ साली पुण्यात एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. मंचरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी काही वर्षं लग्नपत्रिका आणि अर्ज छापले. सुरुवातीला मालक मला रोज उदबत्ती ओवाळायचा. पुढे माझ्यात व्हायरस शिरले आणि मी सुरू होईपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा पिऊन व्हायला लागला. उदबत्ती बंद झाली आणि माझ्या डोक्यावर रद्दीचे गठ्ठे आले.

तिथून मला लोणीच्या समाधानने उचललं. तो लग्नात, जत्रेत फोटो काढायचा. एका मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी त्याने माझ्यात घातली. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली, फक्त कुणा एका मालकाची नाही. तिची खूण म्हणजे पेंग्विन. व्हायरस गेले आणि मी तरण्या खोंडासारखा पळू लागलो. पडद्यावर मराठी अक्षरं आली तेव्हा समाधानची आई द्रौपदाबाई बोट लावून वाचू लागल्या. "जतन... करा. अगं बया, ह्ये तर आपल्यागत बोलतंय!" मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

मग घरात तो गेम आला. त्याचं नाव 'भिर्रर्र', म्हणजे बैलगाडा सुटताना उठते ती आरोळी. पुण्याच्या गतिमान गेम्स नावाच्या कंपनीने बैलगाडा शर्यतीचा गेम काढला होता. खोक्याच्या कोपऱ्यात विंडोजच्या खुणेशेजारी छोटा पेंग्विन छापलेला होता. म्हणजे माझ्यावरही चालेल, असं कंपनीने छापून वचन दिलं होतं. समाधानची धाकटी बहीण कल्याणी त्या पेंग्विनसाठीच तो गेम मंचरहून घेऊन आली.

आता भागुजींबद्दल सांगतो. ते या दोघांचे वडील. शर्यतीच्या चढणीच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात. घाटाच्या तळाशी उधळलेले बैल धरून गाड्याला जुंपायचे, तर भागुजींनाच हाक जायची. त्यापायी त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. पण लाउडस्पीकरवर नाव पुकारलं जातं ते गाडामालकाचं. भागुजींच्या दारात स्वतःचे बैल कधी नव्हते. आख्खं आयुष्य घाटात गेलं, पण त्यांच्या घरचं नाव घाटात एकदाही कुणी घेतलं नाही. ते त्याविषयी बोलत नसत. द्रौपदाबाई मात्र बोलत.

भागुजी कल्याणीच्या मागे पाट टाकून बसायचे. पहिल्या दिवशी ते वैतागले. "ह्या बैलांचं कान हलत न्हाईत. कान बघितल्याबिगर बैल कसा सोडायचा? लबाड जनावरं हायेत." दोन-चार दिवसांनी त्यांना दुसरीच गोष्ट दिसली. "पोरी, त्याच्या खुराखालचा फुफाटा बघ. डावीकडं उडाला की त्यो निघाला. तवाच सोड." कल्याणीने तसं केलं आणि तिची बारी, म्हणजे एक दौड, कुणाच्याही आधी वर पोचू लागली. इंटरनेटवर सगळ्यांत वेगवान खेळाडूंच्या नावांचा कंपनीचा फलक होता, त्यावर ती एकेक नाव मागे टाकत पहिली आली. 'कल्याणी भागुजी, लोणी.' महिनाभर ते नाव तिथून कुणाला हलवता आलं नाही.

२००७ च्या उन्हाळ्यात कंपनीने जाहीर केलं, की आमच्या भागातल्या एका जत्रेत ती तंबू टाकणार. फलकावरच्या पहिल्या पाच जणांची नावं, आणि तंबूत खेळून त्यांना मागे टाकतील त्यांची, शर्यतीच्या दिवशी घाटातल्या लाउडस्पीकरवर पुकारणार. त्या संध्याकाळी द्रौपदाबाईंनी शेजारपाजारी गूळ वाटला. भागुजींनी ठेवणीतला फेटा काढून उन्हात टाकला.

जत्रेच्या आठवडाभर आधी दुपारी चारला कल्याणीचं नाव फलकावरून गेलं. ती पुन्हा खेळली आणि पुन्हा पहिली आली. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा नाव गायब. तिसऱ्या दिवशी तिने कंपनीला फोन लावला. विश्वजित नावाचे साहेब होते. ते म्हणाले, "लिनक्सला आता आमचा सपोर्ट नाही. तुम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लिनक्सच्या सगळ्या नोंदी रोज चारला आपोआप पुसल्या जातात."

"पण साहेब, खोक्यावर पेंग्विन हाय की."

"नव्या खोक्यांवर आम्ही स्टिकर लावलाय. आणि खरं सांगू का, तुम्ही लिनक्सवाले सगळं उघडून खुडबुड करता. पहिला नंबर असाच चोरता होय?"

फोनचा स्पीकर चालू होता. भागुजींनी सगळं ऐकलं. त्यांनी वाळत घातलेला फेटा घडी करून पेटीत ठेवला आणि ते गोठ्यातल्या शेळीला पाणी दाखवायला गेले. मित्रांनो, मला हात असते तर मी त्या साहेबाचं काय केलं असतं ते पाठ्यपुस्तकात छापता येणार नाही. त्या दिवसापासून माझ्या पंख्याचा आवाज बदलला. समाधानला वाटलं, धूळ बसली असेल.

जत्रेत समाधानचा फोटोचा स्टॉल होता, म्हणून घरच्या सगळ्यांबरोबर मीही घाटावर गेलो. शेजारीच गतिमान गेम्सचा तंबू. आत पाच चकाचक संगणक आणि मधे एक मोठा काळा डबा. पोरं खेळत, त्यांच्या बाऱ्या आणि इंटरनेटवरच्या फलकाची नावं आधी त्या काळ्या डब्याकडे जात, तो त्यांवर आपला शिक्का मारी आणि मग नावं बाहेरच्या मोठ्या पडद्यावर लागत. दुपारी जनरेटर बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला तसा काळा डबाही सुरू झाला, आणि मोठ्या पडद्यावर सगळ्यांत आधी काय आलं असेल? पेंग्विन! चांगला गुबगुबीत, पिवळ्या चोचीचा. तो माझाच भाऊबंद होता.

कल्याणी ओरडलीच. "दादा, ह्यांचा डबा लिनक्सचा हाय! शिक्का बघ." पडद्यावर प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात खरंच लिनक्स उमटत होतं. चारला काय होणार ते तिला कळलं, समाधानला कळलं आणि मलाही कळलं. तेव्हा पावणेचार झाले होते.

"त्यांना सांगून येतो," समाधान म्हणाला. तो गाईसारखा गरीब.

"कशापायी?" कल्याणी म्हणाली. "आपल्याला चोर म्हणली ती माणसं. गप बस."

तरी तो गेला. मला धाकधूक लागली, की हा भला माणूस सगळ्यावर पाणी ओतणार. पण विश्वजित साहेबांनी त्याला लिनक्स या शब्दाच्या पुढे बोलूच दिलं नाही. "लिनक्सच्या तक्रारी आम्ही घेत नाही, सांगितलंय ना?" समाधान परत आला आणि फोटो कापायला लागला. मी मनातल्या मनात साहेबांचे आभार मानले.

चार वाजले. माइकवर शर्यतीची नावं पुकारणारे सोमाजी होते. त्यांचा आवाज ओढ्यापलीकडच्या वस्तीला सुद्धा ऐकू जायचा. "आता कंपनीचं नंबर! पाचवा नंबर..." आणि पाचवं नाव पुसलं गेलं. "थांबा राव. चौथा नंबर..." तेही गेलं. मग तिसरं, दुसरं, पहिलं. पडदा कोरा झाला. "ओ साहेब, हितं तर कुणीच न्हाई! शर्यत काय भुतांनी पळवली का?" सगळा घाट हसत सुटला. गाडामालक मांड्यांवर थापा मारून हसत होते. मी इतका खूश झालो, की माझा पंखा पूर्वीसारखा मऊ फिरू लागला.

विश्वजित साहेब घामाघूम होऊन आमच्या स्टॉलवर आले. "तुम्हाला ह्यातलं कळतं म्हणे. जरा बघता का? ताईंचं नाव पहिलं लावतो, आत्ता पुकारायला सांगतो."

मित्रांनो, ही खरी कसोटी होती. ज्या नावासाठी सगळा जीव टाकला होता, ते आता नुसतं हो म्हणण्यावर आलं होतं. द्रौपदाबाईंचे डोळे भरले. कल्याणीने वडिलांकडे पाहिलं.

"ज्या तोंडानं चोर म्हणलं," भागुजी हळूच म्हणाले, "त्या तोंडानं लावलेलं नाव नगं."

कल्याणी साहेबांकडे वळली. "माफ करा, साहेब. लिनक्सला आमचा बी सपोर्ट न्हाई." साहेबांची नजर माझ्याकडे वळली. मी त्यांच्यासमोर ठणठणीत सुरू होतो आणि ते मला हात लावू शकत नव्हते. इतका गोड बदला मी नंतर कधी चाखला नाही.

हे सगळं सोमाजींच्या कानावर गेलं असावं. पुढच्या बारीला गाड्याचे बैल आवरेनात, तेव्हा भागुजी उघड्या डोक्याने खाली उतरले आणि त्यांनी जू धरलं. माइक खरखरला. "आणि गाडा जुंपत्यात, लोणीचं भागुजी! हातात बैल म्हंजी मांजर! त्यांची लेक कल्याणी, गेमातली राणी! भिर्रर्र!" बैल सुटले. भागुजी धुरळ्यात तसेच उभे राहिले, आणि किती तरी वेळ त्यांनी तोंडावरची धूळ पुसली नाही.

आता मी लोणीतच माळ्यावर पडून आहे. कल्याणी पुण्याला नोकरी करते. गतिमान गेम्सचं काय झालं मला ठाऊक नाही आणि त्यांचं भलं मी चिंतत नाही. तुम्हाला एवढंच सांगतो. जुन्या वस्तूवरची धूळ झटका, तिच्यात पाणी जाऊ देऊ नका, आणि मूठभर माणसांना दिलेला शब्द स्टिकर लावून झाकू नका. स्टिकर निघतो.

कधी मला वीज जोडलीत तर तो गेम अजून सुरू होईल. माझ्यातल्या फलकावर पहिलं नाव आहे, कल्याणी भागुजी, लोणी. लिनक्समध्ये काहीही पुसायला आधी परवानगी लागते. ती मी कुणालाही देणार नाही.